उगवता खेळाडू आणि बिनचेहऱ्याचा पिक

हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास आमच्या कोर्टावर येणारी मुले आधी चेंडू घेत नाहीत, कठड्यावर मोबाइल टेकवतात. अमेरिकेत त्या वेळी आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि तिथल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने रंगात आलेले असतात. सोलापुरातल्या या सिमेंटच्या कोर्टावर गेली बावीस वर्षे मी मुलांना बास्केटबॉल शिकवत आलो आहे, आणि या मुलांचा खेळाचा अभ्यास आमच्या पिढीपेक्षा कितीतरी अधिक आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आम्हाला खेळाडूंची नुसती नावे कळायची तीही उशिरा. यांना कोणाचा करार कोणत्या वर्षी संपतो हेही तोंडपाठ असते. सध्या त्यांच्यात सर्वांत जास्त रंगणारा वाद असा आहे की, जो संघ हरत हरत नव्याने उभा राहू पाहतो आहे त्याने आपल्याकडचा एखादा होतकरू तरुण खेळाडू, चांगली किंमत येत असेल तर, देऊन टाकावा की धरून ठेवावा. बहुतेक मुले देऊन टाकण्याच्या बाजूची आहेत. मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि वॉर्मअपच्या घाईत जे नीट सांगता येत नाही ते इथे सविस्तर मांडतो आहे.

पुनर्बांधणी हा शब्द नेमका कशासाठी वापरतात ते आधी पाहू. एनबीएत 30 संघ आहेत. वरच्या संघांना टक्कर देता येत नाही आणि तळाशीही जायचे नाही, अशा मधल्या अवस्थेत वर्षानुवर्षे अडकण्यापेक्षा काही संघ आपले वयाने मोठे, महागडे खेळाडू इतरांना देतात, त्यांच्या बदल्यात तरुण खेळाडू आणि पुढच्या वर्षांचे ‘पिक’ घेतात आणि दोन-चार मोसम हरण्याची तयारी ठेवतात. पिक म्हणजे दर उन्हाळ्यात होणाऱ्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. हा हक्क संघ एकमेकांना देऊ-घेऊ शकतात, अगदी पाच-सहा वर्षांनंतरचासुद्धा. जास्त हरणाऱ्या संघाला वरचा पिक मिळण्याची शक्यता जास्त असते, पण खात्री कधीच नसते. 2019 पासून लागू झालेल्या नियमानुसार तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची शक्यता प्रत्येकी फक्त 14 टक्के ठेवण्यात आली, आणि अख्ख्या मोसमात सर्वांत जास्त सामने हरलेला संघही निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो.

माझे म्हणणे असे की, पुनर्बांधणी चालू असताना संघाने होतकरू तरुण खेळाडू पिकच्या बदल्यात देऊ नये. द्यायचाच असेल तर समोरून येणारा खेळाडूही त्याच्याच वयाच्या आसपासचा आणि मैदानावर पाहिलेला, पारखलेला असावा, आणि तोही निर्णय आपल्या खेळाडूला किमान तीन मोसम देऊन झाल्यानंतरच व्हावा. तीन हा आकडा मी मनाने काढलेला नाही. तो लीगच्या नियमांतूनच येतो, त्याकडे पुढे वळेन.

माझा एक जुना मित्र बाजार समितीत अडत्या आहे. कॉलेजात आम्ही एकत्र खेळलो, आणि अजूनही लिलावाला जाण्याआधी तो कधीमधी कोर्टावर चक्कर टाकतो. मुलांची बाजू त्याने एका वाक्यात मांडली. “अरे, भाव आहे तोवर माल सोडावा, कांदा धरून बसणाऱ्याचं काय होतं ते मी रोज बघतो की.” सोलापूरच्या बाजारात ज्याने आयुष्य काढले त्याचे हे बोलणे हलके घेण्यासारखे नाही. आवक वाढली की भाव दोन दिवसांत कोसळतो, आणि ज्याने आणखी थोडे चढेल म्हणून माल धरला त्याच्या गोणीतला कांदा सडू लागतो. तरुण खेळाडूच्या बाबतीतही युक्तिवाद असाच केला जातो. पहिल्या-दुसऱ्या मोसमात त्याचे नाव होते, सर्वांना तो हवासा वाटतो, उद्या त्याच्यातल्या उणिवा उघड्या पडतील किंवा गुडघा दुखावेल, म्हणून आजच विका. पण वीस वर्षांचा खेळाडू गोणीतल्या कांद्यासारखा नसतो. आमच्या जिल्ह्यात त्याला खरी जोड आहे ती डाळिंबाच्या बागेची. जाणता बागायतदार लागवडीनंतर पहिली दीड-दोन वर्षे झाडावर आलेली फुले स्वतःच्या हाताने खुडून टाकतो, कारण त्या वयात फळ धरू दिले तर खोड भरत नाही. अशा वर्षी कोणी बांधावर येऊन बागेची किंमत विचारली, तर तो सौदा कोणाच्या फायद्याचा ठरेल हे सांगायला अडत्या लागत नाही.

दाखल्यावर वाद जिंकता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून घडलेल्या गोष्टींकडे येतो. विकण्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण माझ्या मते फिलाडेल्फियाचे आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2013 च्या ड्राफ्टमध्ये या संघाने अकराव्या क्रमांकावर मायकेल कार्टर-विल्यम्स हा उंच गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा खेळाडू, घेतला. एनबीएतल्या त्याच्या पहिल्याच सामन्यात समोर गतविजेता मायामी संघ होता. या मुलाने 22 गुण केले, 12 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) दिले, 7 रिबाउंड (नेम हुकून परत आलेले चेंडू) घेतले, 9 वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू काढला, आणि फिलाडेल्फिया 114-110 असा जिंकला. पुढे तो संघ त्या मोसमात सलग 26 सामने हरला, 82 पैकी फक्त 19 जिंकला, पण कार्टर-विल्यम्स सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. फेब्रुवारी 2015 मध्ये, दुसरा मोसमही पुरा झालेला नसताना, फिलाडेल्फियाने त्याला तीन संघांच्या सौद्यात मिलवॉकीला देऊन टाकले आणि बदल्यात लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचा पहिल्या फेरीतला एक पिक घेतला.

खेळाडूबद्दलचा अंदाज म्हणून पाहिले तर फिलाडेल्फियाचे काहीच चुकले नाही. नवोदित मोसमात त्याचे थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून घेतलेले तीन गुणांचे नेम, चारपैकी जेमतेम एक पडत होते आणि तो नेम पुढेही बसला नाही. मिलवॉकी, शिकागो, शार्लट, ह्यूस्टन, ऑरलँडो असा त्याचा प्रवास झाला आणि पहिल्या वर्षीचे आकडे त्याला पुन्हा कधी गाठता आले नाहीत. भाव होता तेव्हा माल सोडला, असे माझा मित्र म्हणेल. प्रश्न आहे तो सोडलेल्या मालाचे पैसे कुठे गेले हा. लेकर्सचा तो पिक अटींमध्ये अडकून तीन वर्षे रखडला आणि 2018 मध्ये दहाव्या क्रमांकावर हाती आला. त्यावर फिलाडेल्फियाने मिकल ब्रिजेसला निवडले. तो शेजारच्याच व्हिलानोव्हा विद्यापीठातून आलेला, कोर्टाच्या दोन्ही बाजूंना खेळणारा, तयार मुलगा होता. त्याच रात्री त्यालाही फिनिक्सला देऊन टाकण्यात आले. बदल्यात आले झायर स्मिथ हा अगदीच कच्चा खेळाडू आणि मायामीचा 2021 चा आणखी एक पिक. स्मिथ एनबीएत एकूण 13 सामने खेळला. मायामीचा तो पिक फिलाडेल्फियाने 2019 मध्ये टोबायस हॅरिससाठी लॉस एंजेलिसच्याच क्लिपर्स संघाला दिला, आणि 2024 मध्ये करार संपल्यावर हॅरिस डेट्रॉइटला निघून गेला. ब्रिजेस मात्र 2021 मध्ये फिनिक्सकडून अंतिम फेरी खेळला.

या साखळीत निर्णय घेणारी माणसे बदलली. ज्यांनी कार्टर-विल्यम्सला दिले ते व्यवस्थापक सॅम हिंकी 2016 मध्येच बाहेर पडले होते; ब्रिजेसला देणारे दुसरे होते. तरीही सवय तीच राहिली. एकदा खेळाडूकडे बदलता येण्याजोगी वस्तू म्हणून पाहायची सवय संघाला लागली की हातात आलेला ब्रिजेसही ओळखू येत नाही, कारण त्याच्यापेक्षा पुढच्या वर्षीचा पिक नेहमीच अधिक आकर्षक वाटतो. याच संघाने 2013 च्या त्याच ड्राफ्टच्या रात्री 23 वर्षांच्या जरू हॉलिडेला न्यू ऑर्लिन्सला दिले होते, आणि तो तेव्हा नुकताच ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांपैकी एक, झालेला होता. हॉलिडेने पुढे 2021 मध्ये मिलवॉकीबरोबर आणि 2024 मध्ये बोस्टनबरोबर विजेतेपद मिळवले. फिलाडेल्फिया 2001 मध्ये अंतिम फेरीत गेला होता. त्यानंतर 2025 पर्यंतच्या एकाही प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, तो दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेला नाही. जोएल एम्बीडसारखा 2023 चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, त्यांच्याकडे होता तरीही नाही. हा एम्बीडही पिकमधूनच आला होता हे खरे. पण निवड झाल्यानंतरचे पहिले दोन मोसम तो दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही, आणि त्या काळात संघाने त्याला विकले नाही, हेही तितकेच खरे.

2013 च्या त्या ड्राफ्टकडे आणखी एकदा पाहण्यासारखे आहे. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडने अँथनी बेनेटला घेतले, आणि तो चार वर्षांत लीगबाहेर गेला. अकराव्या क्रमांकावरचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पंधराव्या क्रमांकावर मिलवॉकीने ग्रीसमधून यानिस आंतेतोकुम्पो हा 18 वर्षांचा काटकुळा मुलगा घेतला, ज्याची पहिल्या मोसमातली सरासरी 6.8 गुणांची होती आणि ज्याच्या संघाने त्या वर्षी 82 पैकी 67 सामने गमावले. मिलवॉकीने त्याला ठेवले. 2019 आणि 2020 मध्ये तो एमव्हीपी झाला आणि 2021 मध्ये त्याने मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिले. पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून कार्टर-विल्यम्स आणि यानिस यांच्यात निवड करायला सांगितले असते, तर त्या वेळी किती जणांनी यानिसला निवडले असते?

हे का घडते यावर मी बराच विचार केला आहे, आणि त्याचे उत्तर मला एनबीएत सापडण्याआधी आमच्याच कोर्टावर सापडले. काही वर्षांपूर्वी जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसाठी 17 वर्षांखालील संघ निवडताना माझ्यासमोर शेवटच्या जागेसाठी दोन मुले होती. एक दहावीतला, घोटलेला, चुका न करणारा. दुसरा नववीतला, अचानक उंच वाढलेला, हातपाय ताब्यात नसलेला. हा दुसरा मुलगा डाव्या हाताने ले-अप घेताना, म्हणजे धावत येऊन जवळून चेंडू टाकताना, पाय नेहमी चुकवायचा. उजव्या पायावरून उडी घेण्याऐवजी डाव्यावरून घ्यायचा आणि चेंडू बोर्डाच्या कडेला लागून परत यायचा. रोज सकाळी मी ते पाहत होतो. पन्नास वेळा सांगितले, पन्नास वेळा चुकले. मी दहावीतल्या मुलाला घेतले. आम्ही उपांत्य फेरीत हरलो, दहावीतला मुलगा मार्चमध्ये शाळा सोडून गेला, आणि नववीतला मुलगा त्या निवडीनंतर आठवडाभर आला आणि मग यायचा थांबला. मी त्याच्या घरी गेलो नाही. जायला हवे होते. त्याच्या डाव्या पायाची चूक मला इतकी स्पष्ट दिसत होती की, उंची वाढण्याच्या वयात मुलाचा तोल वर्षभर बिघडतो आणि मग आपोआप परत येतो, हे शिकवणाऱ्याला माहीत असायला हवे असलेले साधे सत्य माझ्या नजरेआड झाले.

संघाचेही असेच होते. तो आपल्या तरुण खेळाडूला रोज पाहतो, सरावात पाहतो, हरलेल्या सामन्यानंतर पाहतो. त्याचा उशिरा फिरणारा बचाव, त्याचे निष्काळजी पास, चौथ्या क्वार्टरमधली त्याची घाई, सगळे त्याला पाठ झालेले असते. समोर ठेवलेल्या पिकला मात्र चेहरा नसतो, त्यामुळे त्याच्यात दोषही दिसत नाहीत. 2029 च्या पिकने अजून एकही चेंडू गमावलेला नसतो. या दोघांची तुलना करताना एका बाजूला खरा माणूस आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ आशा असते, आणि आशेचे पारडे जड वाटणे स्वाभाविक आहे. पण तो पिक वापरला जाईल त्या दिवशी त्यातून निघणार कोण? फार नशीब असेल तर असाच एक वीस वर्षांचा मुलगा, उणिवांसह. म्हणजे होतकरू खेळाडू देऊन पिक घेणारा संघ आपल्याकडे जे आहे तेच पुन्हा मिळावे म्हणून तीन-चार वर्षे आणि बरीच अनिश्चितता मोजत असतो.

लीगचे नियमही तरुण खेळाडू धरून ठेवणाऱ्याच्या बाजूचे आहेत, ही बाब आमच्या वादात फार कमी बोलली जाते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. त्याचा पगार निवडीच्या क्रमांकावरून ठरतो आणि तिसरे व चौथे वर्ष चालू ठेवायचे की नाही हे संघ ठरवतो. तिसरा मोसम संपला की संघ त्याला पाच वर्षांपर्यंतचा नवा करार देऊ शकतो. तो झाला नाही आणि संघाने रीतसर पुढच्या वर्षाचा देकार दिला, तर चौथ्या वर्षानंतर दुसऱ्या संघाने कितीही देऊ केले तरी तेवढेच देऊन त्याला थांबवण्याचा हक्क जुन्या संघाकडे राहतो. एकूण हिशेब केला तर ज्याने खेळाडू निवडला त्याच्या हातात आठ-नऊ वर्षे असतात, आणि त्यातली पहिली चार स्वस्तातली. इतका वेळ ज्याच्याकडे आहे त्याने दुसऱ्याच वर्षी घाबरून भाव काढावा, याला मी व्यवहार म्हणणार नाही.

ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात, म्हणून त्यातले धागे नीट वेगळे करायला हवेत. 2019 च्या जुलैत या संघाने पॉल जॉर्जला क्लिपर्सना दिले आणि बदल्यात पहिल्या फेरीतले पाच पिक, दोन पिकची अदलाबदल करण्याचा हक्क, डॅनिलो गॅलिनारी आणि शे गिल्जस-अलेक्झांडर हा एकच मोसम खेळलेला गार्ड घेतला. त्याची त्या मोसमातली सरासरी 10.8 गुणांची होती. माझे विद्यार्थी इथे पाच पिककडे बोट दाखवतात, आणि त्यातल्या एकावर 2022 मध्ये जेलन विल्यम्ससारखा खेळाडू मिळाला हेही खरे आहे. पण ते पिक कोणाच्या बदल्यात आले होते? 29 वर्षांच्या, कारकिर्दीच्या शिखरावर असलेल्या खेळाडूच्या. मोठ्या वयाचा तारा देऊन पिक घेणे हे पुनर्बांधणीचे शहाणपण आहे, त्याला माझा विरोध नाही. माझे लक्ष त्या तरुण गार्डकडे आहे. पुढच्या दोन वर्षांत ओक्लाहोमाने जवळजवळ प्रत्येक अनुभवी खेळाडू देऊन टाकला. 2020-21 मध्ये संघ 22 सामने जिंकला आणि 50 हरला, पुढच्या मोसमात 24 जिंकला आणि 58 हरला. हरण्याच्या त्या काळात गिल्जस-अलेक्झांडरसाठी पिकचा ढीग मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करार केला. 2024-25 मध्ये त्याच संघाने 68 सामने जिंकले, इंडियानाला सात सामन्यांच्या अंतिम फेरीत हरवले, आणि मोसमाचा व अंतिम फेरीचा असे दोन्ही एमव्हीपी पुरस्कार त्यालाच मिळाले. घर पाडून बांधताना एक खांब त्यांनी जागचा हलवला नाही.

डेट्रॉइटची कहाणी मला त्याहून जवळची वाटते, कारण तिच्यात अपमान जास्त आहे. 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला केड कनिंगहॅम दुसऱ्या मोसमात पायाच्या दुखापतीमुळे केवळ 12 सामने खेळला, आणि तिसऱ्या मोसमात, म्हणजे 2023-24 मध्ये, त्याचा संघ सलग 28 सामने हरला. एका मोसमात एवढे सलग पराभव त्याआधी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. आमच्या कोर्टावरची मुले त्या डिसेंबरमध्ये रोज सकाळी आकडा विचारत येत: आज किती झाले? एका सामन्यात कनिंगहॅमने 41 गुण केले आणि तरीही संघ हरलाच. मोसमाअखेर 14 विजय आणि 68 पराभव. अशा वेळी, याच्याने होत नाही, भाव आहे तोवर काढा, असे म्हणणे किती सोपे असते याची कल्पना करावी. डेट्रॉइटने प्रशिक्षक बदलला, टोबायस हॅरिससारखे काही अनुभवी नेमबाज आणले, आणि कनिंगहॅमला पाच वर्षांचा करार दिला. पुढच्या मोसमात 44 विजय मिळाले, म्हणजे तिपटीहून अधिक. खेळाडू तोच होता, त्याच्या भोवतीची माणसे बदलली होती. तरुण खेळाडूच्या पदरात टाकले जाणारे अपयश पुष्कळदा त्याच्या भोवतालचे असते, आणि पुनर्बांधणीतल्या संघाचा भोवताल तर मुद्दामच दुबळा ठेवलेला असतो. अशा संघात खेळणाऱ्या मुलाची परीक्षा घ्यायची आणि तो नापास झाला म्हणून विकायचा, हे मला अन्यायाचे वाटते.

आता सॅक्रामेंटो. या उदाहरणावर माझे मन आजही पूर्ण शांत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे दोन सामने पहिल्यांदा भारतात झाले, मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. दुसऱ्या सामन्यासाठी मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो होतो. समोरासमोर होते सॅक्रामेंटो आणि इंडियाना, आणि दोन्ही सामने इंडियानाने जिंकले. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सॅक्रामेंटोच्या मालकांपैकी प्रमुख, म्हणून आमची तिघांचीही सहानुभूती सॅक्रामेंटोकडे होती आणि ती तेव्हापासून टिकली. पुढच्या वर्षी त्या संघाने ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन घेतला आणि आम्हाला वाटले की, 2006 पासून प्लेऑफ न पाहिलेल्या या संघाचा काळ आता फिरणार. फेब्रुवारी 2022 मध्ये, दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर, त्यांनी त्याला नेमके त्याच इंडियानाला दिले आणि डोमांतास सबोनिसला आणले.

सबोनिस कसलेला खेळाडू आहे. त्याच्या येण्यानंतरच्या पहिल्या पूर्ण मोसमात सॅक्रामेंटोने 48 सामने जिंकले, 16 वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला, आणि विजयानंतर आकाशात सोडला जाणारा तो जांभळा झोत पाहायला लोक रस्त्यावर आले. सोळा वर्षे वाट पाहिलेल्या शहराच्या आनंदाला मी कमी लेखत नाही. जिथे एका पिढीने आपल्या संघाला जिंकताना पाहिलेले नाही तिथे एक चांगले वर्षही मोठे असते. शिवाय हा सौदा पिकसाठी नव्हता. पंचविशीतल्या, दोनदा ऑल-स्टार झालेल्या खेळाडूसाठी होता, आणि माझ्याच कसोटीची पहिली अट तो पुरी करतो. दुसरी अट त्याने मोडली. हॅलिबर्टनला दीडच मोसम मिळाला होता. डीॲरन फॉक्स हा दुसरा चांगला गार्ड संघात असल्यामुळे दोघांपैकी एकाला निवडायचे ठरले आणि घाईने ठरले. 2023 च्या प्लेऑफमध्ये सॅक्रामेंटो पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून सातव्या सामन्यात हरले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. ज्याच्यासाठी हॅलिबर्टनला सोडले तोही राहिला नाही. इंडियाना मात्र आधी 35 विजय, मग 47, असे चढत 2024 मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत आणि 2025 मध्ये थेट एनबीएच्या अंतिम फेरीत पोचले. तिथे सातव्या सामन्यात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पाहा, दुखापतीचा धोका खराच आहे, असे त्या सकाळी मला एका मुलाने ऐकवले. धोका आहेच, परंतु तो विकत घेतलेल्या खेळाडूलाही असतो आणि पिकमधून येणाऱ्यालाही असतो. एम्बीडचे दोन मोसम आपण वर पाहिलेच.

मग तरुण खेळाडू कधीच देऊ नये का? पुनर्बांधणी संपली असेल तर जरूर द्यावा. 2014 मध्ये लीगमधला आघाडीचा तारा लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडला परतल्यावर त्या संघाने त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलेला अँड्र्यू विगिन्स एकही सामना न खेळवता केव्हिन लव या कसलेल्या खेळाडूसाठी मिनेसोटाला दिला, आणि 2016 मध्ये विजेतेपद मिळवले. त्या दिवशी क्लीव्हलँड पुनर्बांधणीतला संघ राहिलेलाच नव्हता. याहून बोलके उदाहरण ओक्लाहोमाचेच आहे. त्यांनी 2021 मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेल्या जॉश गिडीला तीन पूर्ण मोसम खेळवले. 2024 च्या प्लेऑफमध्ये डॅलसचे बचावपटू त्याला बाहेरून मोकळा सोडत आहेत आणि त्यामुळे बाकीच्या चौघांची वाट अडते आहे हे दिसले, तोवर संघ 57 सामने जिंकून पश्चिम विभागात अव्वल ठरला होता. त्या जूनमध्ये त्यांनी 21 वर्षांच्या गिडीला शिकागोला दिले आणि तिशीतला ॲलेक्स करूसो घेतला, सोबत एकही पिक न मागता. वर्षभराने विजेतेपदाच्या मालिकेत करूसोचा बचाव किती मोलाचा ठरला ते सर्वांनी पाहिले. तीन वर्षे पाहून, नेमकी गरज ओळखून, खेळाडूच्या बदल्यात खेळाडू घेऊन केलेला हा सौदा आहे, आणि गिडीलाही शिकागोत चेंडू हातात ठेवून खेळायला मिळाले.

पैशाचा मुद्दा राहिला. तिसऱ्या मोसमानंतरच्या करारात अशा खेळाडूला सहसा संघाच्या पगारमर्यादेच्या 25 टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. 2025-26 ची मर्यादा सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर होती, म्हणजे एकाच मुलाला पहिल्या वर्षी 3 कोटी 86 लाखांच्या वर. एवढी रक्कम चुकीच्या खेळाडूवर गेली तर पुनर्बांधणी आणखी पाच वर्षे लांबते, आणि इथे संघाने कठोर व्हायला माझी हरकत नाही. माझ्या मित्रानेही परवा शेवटी हाच प्रश्न विचारला, “तीन वर्षं धरलास, आणि माल हलकाच निघाला, मग?” मग त्या उन्हाळ्यात त्याला करार देऊ नये आणि ज्याला तो हवा आहे त्याच्याकडून मैदानावर पारखलेला खेळाडू घेऊन त्याला जाऊ द्यावे. भाव कदाचित दुसऱ्या वर्षीपेक्षा कमी येईल. पण तोपर्यंत तीन मोसमांचे मिळून 246 सामने झालेले असतील, मुलगा वीसचा तेवीस झालेला असेल, त्याच्या शेजारी निदान एकदा तरी बरे खेळाडू उभे करून पाहिलेले असतील, आणि त्याचा डावा पाय सरळ पडू लागला की नाही हे संघाला त्याच्या कोणत्याही गिऱ्हाइकापेक्षा चांगले माहीत असेल.